शेवटचे शंभर किलोमीटर, बाई!

ऐकलंत का त्या सारियावाल्यांचं? स्पेनमधली सांतियागोची यात्रा हजार वर्षांहून जुनी. फ्रान्सच्या हद्दीतून निघालं तर जवळजवळ 780 किलोमीटर, महिनाभराची पायपीट. आणि ही मंडळी उतरतात कुठे, तर थेट सारियाला! तिथून सांतियागो उरतं जेमतेम 115 किलोमीटर. नियमच आहे ना तसा: किमान 100 किलोमीटर पायी चालत सांतियागोला या, रोज दोन शिक्के घ्या, प्रमाणपत्र तुमचं! मग सारियाच्या आधी उतरायला कुणाला वेड लागलंय?

बरं, पाच-सहा दिवस तरी निगुतीने चालावं! छे! सॅक गाडीने पुढच्या मुक्कामी रवाना. शिक्के चर्चमध्ये मिळतात तसे बारमध्येही, त्यामुळे बिअरचा ग्लास रिकामा होईतो पुण्याची नोंद झालेली असते. मेलिदे गाव आलं की लाकडी ताटलीत उकडलेला ऑक्टोपस, वर पॅप्रिकाची लाल पूड. आणि म्हणे यात्रा!

फोडांवर पट्ट्या चिकटवत महिनाभर चालून आलेले जुनेजाणते हा घोळका पाहून नाकं मुरडतात. त्यांनी यांना 'तूरिग्रिनो' असं नावही ठेवलंय, म्हणजे सहलीला आलेले यात्रेकरू. खरी जळजळ पुढेच. सांतियागोत दोघांच्या हाती पडतं तेच लॅटिन प्रमाणपत्र, फुकट! किती किलोमीटर चाललात ते लिहून हवं असेल, तर वेगळा कागद, आणि त्याचे युरो मोजायचे. थोडक्यात, 780वाल्यांनी आपला मोठेपणा विकत घ्यायचा. 2024 साली जवळजवळ 5 लाख प्रमाणपत्रं वाटली गेली. त्यात हे सारियावाले किती, ते विचारूच नका.

'पूर्वीचे भाविक असे नव्हते' म्हणाल, तर थांबा. मध्ययुगात पैसेवाले भाडोत्री माणसाला चालायला लावत, मृत्युपत्रात तशी तजवीजही करून ठेवत. पाय त्याचे, पुण्य यांचं! फ्लँडर्समधली न्यायालयं तर गुन्हेगारांना शिक्षा म्हणून सांतियागोला धाडत. आणि यात्रेची खूण असलेले शिंपले सांतियागोबाहेर सर्रास विकले जाऊ लागले, तेव्हा ते थांबवायला 13व्या शतकात पोपना धर्मबहिष्काराची धमकी द्यावी लागली.

त्या मानाने सारियावाले सोवळेच म्हणायचे. सॅक गाडीत असली तरी पाय त्यांचे स्वतःचे असतात. उद्या कुणी पायही गाडीने पुढे पाठवायला लागलं, तर मात्र आपण बोलायचं हं!