काकू पाळणाघर

डोंबिवलीतल्या नोकरदार जोडप्यांच्या फोनमध्ये ‘काकू पाळणाघर’ या नावाने एक नंबर हमखास असतो. या बाईंना स्वतःचं नाव आहे, आडनाव आहे, विजेच्या बिलावर ते छापूनही येत असेल. पण ते माहीत असलेला पालक मला अजून भेटायचा आहे. त्याची परतफेड काकू पुरेपूर करतात. त्यांच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की तुमचंही नाव जातं. बँकेत ज्यांच्या सहीवाचून कोणाचं कर्ज मंजूर होत नाही असे गृहस्थ इथे नुसते ‘ओवीचे बाबा’ असतात, आणि ‘ओवीचे बाबा, चपला बाहेर’ एवढं ऐकून निमूट मागे वळतात.

पाळणाघर तळमजल्यावर. पाटी असलीच तर तिच्यावर पाळणाघराबरोबर शिवणकाम आणि पुरणपोळीच्या ऑर्डरीही असतात. घर ओळखायचं ते दारातल्या चपलांवरून. सगळ्या वीतभर, आणि निम्म्यांचे पाय उलटसुलट. आत सतरंजी, भिंतीशी गाद्यांची चळत, खिडकीच्या गजांना दुपटी, आणि स्वयंपाकघराच्या दारात रांगत्या प्रजेसाठी ठोकलेली आडवी फळी. ही फळी दिवसातून असंख्य वेळा ओलांडणं हा काकांचा व्यायाम. काका म्हणजे काकूंचे यजमान. संस्थेच्या उतरंडीत आधी काकू, मग लादी पुसायच्या मावशी, मग दीड वर्षांवरची मुलं आणि मग काका. फुगे फुगवणं, दूध आणणं, रडणाऱ्या पोराला गॅलरीतून कबुतर दाखवणं ही खाती त्यांच्याकडे. कबुतर न आल्यास त्याचाही जाब त्यांनाच द्यावा लागतो.

काकूंना मध्य रेल्वेचं वेळापत्रक पाठ आहे, आणि त्या स्वतः ठाण्याच्या पुढे वर्षातून एकदा जात असतील. ‘कबीरची आई सहा-दहाची पकडते, म्हणजे साडेसात. आज पावणेआठ झाले, म्हणजे एकतर गाडी लेट नाहीतर साहेब तिरसट.’ हा निष्कर्ष बहुधा बरोबर निघतो. उशीर झालेली आई स्टेशनचे जिने उतरताना मनात दहा सबबी जुळवत येते, आणि काकू दार उघडून म्हणतात, ‘मुंब्र्याला थांबली होती ना? टीव्हीवर दाखवलं.’ जुळवलेल्या सबबी वाया जातात.

मग संध्याकाळचं निवेदन. ते दारातच होतं, खणखणीत आवाजात, आणि मागे रांगेत चार पालक उभे असताना. ‘वरण-भात संपवला. झोपला दीड तास. शी दोनदा, एकदा घट्ट.’ यात खाजगी असं काही असतं ही कल्पना काकूंना शिवलेली नाही. त्यामुळे आमच्या इमारतींमधल्या लोकांना एकमेकांच्या मुलांची आतडी तपशीलवार माहीत आहेत. एकमेकांचे पगार तेवढे माहीत नाहीत. अर्थात काकूंना तेही माहीत असावेत. तीन वर्षांचं मूल दिवसभरात किती बातम्या फोडतं याचा अंदाज आईबापांना नसतो. काकू त्यावर बोलत नाहीत. फक्त शुक्रवारी सहज विचारतात, ‘आजी कधी जाणार परत नाशिकला?’ आणि तुमच्या घरात काय शिजतंय ते त्यांना कळलंय, हे तुम्हाला कळतं.

२०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील त्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचं, असं त्यात आलं. आमच्याकडच्या एका आईने ही बातमी मोठ्या उत्साहाने काकूंना सांगितली. धंदा बसणार, म्हणून काकू खचतील असं तिला वाटलं असावं. काकूंनी दुपट्याची घडी घालत विचारलं, ‘छान झालं. मग पोराला सकाळच्या फास्टला कुठल्या डब्यात चढवणार?’ कायदा करणाऱ्यांनी आठ ते नऊच्या दरम्यान डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहून हे कलम वाचलं असतं, तर त्यात एक पोटकलम तरी वाढलं असतं. काकूंचा धंदा बसला नाही, हे सांगायला नको.

शिक्षणशास्त्राशी काकूंचं थेट वैर नाही, ओळखही नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांतली मुलं पाना-दगडांशी खेळत शिकली, हा इतिहास एका पालकांनी पालकसभेत काकूंना ऐकवला. खेळण्यांना पैसे लागत नाहीत, वाटी-चमचाही चालतो, हा त्याचा मथितार्थ. काकूंनी शांतपणे मागे बोट दाखवलं. तिथे दोन मुलं कुकरच्या शिट्टीवरून भांडत होती आणि तिसरं सोलाण्याने फरशी सोलत होतं.

इंटरनेटवरून सूचनांची कागदं छापून आणणारे पालक दर जूनमध्ये येतात. गव्हाचं देऊ नका, ‘नाही’ हा शब्द वापरू नका, झोपवताना थोपटू नका. काकू ‘हो हो, करू की’ म्हणतात आणि तो कागद फळीला टेकू म्हणून लावतात. महिन्याभराने त्याच पालकांना समजतं की घरी मोबाइल लावल्याशिवाय घासाला तोंड न उघडणारं त्यांचं पोर इथे लाल भोपळ्याची भाजी मागून खातं. याचं रहस्य काय, असं विचारलं तर काकू म्हणतात, ‘शेजारचा खातो ना.’

पण काकूंचं खरं रूप पाहायचं तर सणाला. आषाढीच्या दिंडीला प्रत्येक घरातून विठ्ठल येतो. वारकरी व्हायला कोणी तयार नाही. म्हणजे मुलं तयार असतात, आया नसतात. एका वर्षी सात विठ्ठल, चार रखुमाया आणि एकटा वारकरी अशी दिंडी निघाली. तो वारकरीही त्याच्या आईला निरोप उशिरा मिळाल्यामुळे झालेला. सातही विठ्ठलांना कमरेवरचे हात सोडायचे नाहीत अशी ताकीद होती, त्यामुळे नाकं कोणी पुसायची हा प्रश्न उभा राहिला. तो मावशींनी पदराने सोडवला. सोसायटीच्या गेटापर्यंत जाऊन वळायचं होतं. अर्ध्या वाटेत एक पांडुरंग ‘शू’ म्हणाला आणि बाकीच्या सहांना आणि चारही रखुमायांना एकदम आठवण झाली. गेटाशी पोचला तो एकटा वारकरी.

दहीहंडी काकांच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधतात. दही नसतं, लाह्या असतात, कारण सर्दी. भोंडल्याला पाटावर हत्ती काढून झाला की आया फेर धरतात, ऑफिसच्या पर्सा खांद्यालाच. खिरापत ओळखायच्या वेळी मात्र दरवर्षी घात होतो. ज्याच्या घरून डबा आलेला असतो ते पोर पहिल्याच झटक्याला ‘शंकरपाळे!’ म्हणून ओरडतं, आणि मग बाकीच्यांनी ते ऐकलंच नाही असं दाखवत उगाच ‘करंजी? वड्या?’ करायचं. बाप लोक जिन्यात हेल्मेटं धरून उभे असतात. त्यांना आत यायला बंदी नाही, जागा नाही.

चैत्र पाडव्याला फडके रोडवरून डोंबिवलीची स्वागतयात्रा निघते, १९९९ पासूनची. काकूंनी तिच्यात मुलं नेण्याचा प्रयोग एकदाच केला. एक बाळ शिवाजी ढोल ऐकून इतका घाबरला की त्याला एका बाळ अफजलखानाने हात धरून घरी आणलं. त्यानंतर मुलं गॅलरीतून यात्रा पाहतात.

सगळ्यात मोठं कार्य बोरन्हाणाचं. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत पाच वर्षांखालच्या लेकरांना हलव्याचे दागिने घालून डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतायचे. पूर्वी हे ज्याच्या त्याच्या घरी व्हायचं, वाडीतली पोरं लुटायला धावायची. आता मजल्यावरच्या चार फ्लॅटांत मिळून एक मूल, आणि तेही दिवसभर काकूंकडे. मग लुटायला आणायचं कोणाला? तेव्हा बोरन्हाणच काकूंकडे आलं. मुहूर्त काकू पंचांगात पाहत नाहीत. रविवारचा मेगाब्लॉक कुठून कुठे आहे ते पाहतात, कारण आज्या दादर-मुलुंडहून यायच्या असतात.

आठवडाभर आधीपासून व्हॉट्सॲपवर काकूंचे बोलके निरोप येऊ लागतात. टाइप करणं त्यांना मान्य नाही. चार-चार मिनिटांच्या त्या निरोपात मागे मुलं रडतात, कुकर होतो, मधेच ‘ए, ते तोंडातून काढ’ असा आदेश येतो आणि मूळ सूचना अगदी शेवटी असते: काळे कपडे. शेंगा चालतील. हरभरे आणायचे नाहीत. का, असं नवे पालक विचारतात. जुने विचारत नाहीत. एका वर्षी एका कन्येने हरभरा नाकात सारला होता आणि सगळी मंडळी काळ्या साड्या-झब्ब्यांत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेली होती.

हलव्याचे दागिने काकूंच्या ट्रंकेतले. मुकुट, हार, बाजूबंद, बासरी. एका नव्या आईने जरा बिचकतच विचारलं, ‘हे दरवर्षी तेच असतात?’ काकू म्हणाल्या, ‘छे, दोरा नवा घालते.’ आई ते ऐकून काही बोलणार, तेवढ्यात तिच्या बाळाने बाजूबंद तोंडात घालून प्रश्न निकालात काढला.

ओवाळून झालं, डोक्यावरून पहिलं भांडं ओतलं, की उत्सवमूर्ती भोकाड पसरते. बोरं डोक्यात बसली म्हणून नव्हे, आपल्यावर ओतलेलं दुसरेच पळवतायत म्हणून. मोठी पोरं उसाच्या करव्यांवर तुटून पडतात. पण खरी लूट आज्यांची. गुडघे धरून ‘खाली बसवत नाही हो’ म्हणणाऱ्या दोन आज्या पाच मिनिटांत ओटी भरून बोरं घेऊन उठतात. बाप लोकांना आज आत जागा असते, म्हणजे ते खुर्च्यांवर चढतात, आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये पुढच्या बापाच्या कोपराचं चलचित्र जमा होतं. संध्याकाळपर्यंत ज्या दोन कुटुंबांचं पार्किंगवरून बोलणं बंद होतं, त्यांच्या मुलांनी एकच बत्तासा दोन बाजूंनी चाटलेला असतो. काकू तो प्रकार पाहून दोन्ही आयांना एकाच वेळी हाक मारतात. एकीला ओलं फडकं आणायला सांगतात, दुसरीला धरायला.

दुसऱ्या दिवशी हिशेब. ‘प्रत्येकी सात रुपये उरले. हवे असतील त्यांनी न्या, नाहीतर बिस्किटांत घालते.’ ओवीच्या बाबांनी एकदा, धंद्याच्या सवयीने, खर्चाचा तपशील मागितला. काकूंनी डायरी उघडून वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत ‘ओवीच्या बाबांची वर्गणी, येणे’ असं होतं.

मुंबईपट्ट्यातल्या प्रत्येक काकूंकडे २६ जुलै २००५ ची एक गोष्ट असते. ज्यांचं पाळणाघर २००८ साली सुरू झालं त्यांच्याकडेही असते. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल जिथल्या तिथे उभ्या राहिल्या, फोन लागेनात, आणि आईबाप रुळांवरून चालत निघाले. आमच्या काकूंकडे त्या रात्री नऊ मुलं राहिली. काकू ही गोष्ट सांगताना पावसाचं वर्णन करत नाहीत, धीराच्या गप्पाही मारत नाहीत. त्यांना आठवतं ते एवढंच की दूध दीड लिटर होतं, म्हणून निम्मं पाणी घातलं, आणि ते एकाही पोराने ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चिखलाने माखलेला पहिला बाप दारात आला. काकूंनी त्याला आधी पाय धुवायला लावले. तो तिथेच नळाशी बसून रडला, असं काका सांगतात. काकू म्हणतात, ‘साबण गेला असेल डोळ्यांत.’

त्या नवांपैकी एकाचं गेल्या हिवाळ्यात लग्न झालं. ही मुलं मोठ्या शाळेत गेली की काही वर्षं काकूंना रस्त्यात टाळतात, दहावीला पेढे घेऊन येतात आणि लग्नाला पहिल्या रांगेत बसवतात. काकू ठेवणीतल्या पैठणीत आल्या होत्या, काका आहेराचं पाकीट सांभाळत मागे. स्टेजवर फोटोसाठी उभं राहताना त्यांनी शेरवानीतल्या सहा फुटी नवरदेवाला विचारलं, ‘जाऊन आलास ना? आता दोन तास उठता येणार नाही.’ व्याही मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. नवरदेव ‘हो काकू’ म्हणाला.

नवरी हुशार होती. पवईला नोकरी, दोन्हीकडच्या आया नोकरीवाल्या. तिने नमस्काराला वाकल्या वाकल्याच हळूच विचारलं, ‘काकू, तुम्ही अजून घेता ना मुलं?’ काकूंनी तिला उठवलं, हनुवटी धरली आणि पर्समधून डायरी काढली.

‘येत्या जूनला जागा नाही,’ त्या म्हणाल्या. ‘त्याच्या पुढच्या जूनला घालून ठेवते नाव. घाई नका करू.’