फुगीर मडगार्डांची विद्या

१९७६च्या पोर्श ९३५ या शर्यतीच्या मोटारीची मडगार्डे रुंद होती, कारण आत रुंद टायर बसवायचे होते. हौशी कारागीर मात्र आधी मडगार्ड फुगवतो आणि मग त्याला शोभतील असे टायर धुंडाळतो. फुगवायचे म्हणजे पत्र्याला पत्रा जोडणे आले, आणि मोटारीचा पत्रा साधारण ०.८ मिलिमीटर जाड असल्याने मिग वेल्डिंग, म्हणजे वायूच्या आवरणाखाली सतत सरकणारी तार वितळवून केलेला जोड, एका दमात ओढला की पत्रा वेडावाकडा होतो, नाहीतर त्याला सरळ भोक पडते. म्हणून दूरदूर टॅक, म्हणजे वितळलेल्या धातूचे ठिपके, मारत पत्रा निवू द्यावा लागतो. नवशिक्याला नेमके तेवढेच जमत नाही. पुढचे सारे पुट्टी, म्हणजे खाचखळगे बुजवणारा लेप, सांभाळते, आणि तिचा थर पत्र्याहून जाड झाला तरी रंगारी सभ्यपणे गप्प राहतो.