शेजाऱ्याचा पेपर

२०२३ साली जीसीसी १३ हा कंपायलर आला आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला आमचा सी प्लस प्लसचा कोड आडवा झाला. पडद्यावर एररची रांग: हा ‘युइंट३२_टी’ कोण? आम्ही ओळखत नाही! अहो, कालपर्यंत पंगतीला बसत होता की! चौकशीअंती कळलं, ‘सीएसटीडीइंट’ हे हेडर आम्ही कधी लावलंच नव्हतं. ‘स्ट्रिंग’चं हेडर ते आतल्या आत आणायचं आणि आम्ही त्याच्या जिवावर. शेजाऱ्यानं पेपर बंद केला म्हणून फुकट वाचणाऱ्यानं त्याच्याच दारात भांडावं, तसं आम्ही आधी लायब्ररीवाल्यांचा उद्धार केला. मग फाइलच्या डोक्यावर इन्क्लूडची एक ओळ टाकली. कमिटमध्ये मात्र ऐटीत लिहिलं: ‘नव्या कंपायलरसाठी व्यापक सुधारणा.’