लिलाववाले सर

मेडिकल कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये लिलाव पुकारायला ऑर्थोचेच सर का लागतात, हे विचारू नये. हातोडा त्यांच्याकडेच असतो.

एरवी हे गृहस्थ राउंडला चार शब्दांच्या वर जात नाहीत, आणि त्यातले तीन रेसिडेंटच्या अकलेविषयी असतात. पण सर मूळचे गोव्याकडचे. देवळातली पावणी, म्हणजे लिलावच, ऐकत वाढलेले. पाच रुपयांच्या नारळाला पाचशेपर्यंत कसं चढवायचं, हे शिक्षण एमबीबीएसच्या आधीच पुरं झालेलं.

लिलाव असतो पुअर फंडासाठी. मुंबईच्या महापालिका इस्पितळांत त्याला पुअर बॉक्स म्हणतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, नाही असं नाही. पण तिला कागद लागतात, आणि फुटपाथवर झोपलेल्या ज्याच्या पायावरून टेम्पो जातो, त्याच्या उशाशी रेशनकार्ड असतंच असं नाही. मग सोशल वर्कर मॅडम चिठ्ठ्या घेऊन फिरतात. सरांना त्या सगळ्या चिठ्ठ्या तोंडपाठ.

आधी कलागुणदर्शन उरकावं लागतं. रात्रभर कॅज्युअल्टीत काढलेला रेसिडेंट किशोरकुमार गातो. भूल देणाऱ्या मॅडम गाणार म्हटल्यावर निवेदक दरवर्षी तोच विनोद करतो आणि मॅडम दरवर्षी नव्याने हसतात, थोर बाई. मग सर माईक घेतात. ‘रंगभूमीवरचे डॉक्टर बघा: लागू कान-नाक-घशाचे, जब्बार लहान मुलांचा, आगाशे मनाचा, घाणेकर दाताचा. हाडांची जागा अजून रिकामी आहे,’ असं सांगून नटसम्राटाच्या थाटात शाल झटकतात. पुढच्या रांगेतले डीनसाहेब घड्याळ बघतात.

खरी मजा बोलीत. गिऱ्हाईक म्हणजे माजी विद्यार्थी. कुणी साताऱ्याला, कुणी ठाण्याला प्रॅक्टिस थाटलेले. सरांचं निदान इथे एक्स-रेवाचून चालतं. ‘तू रे, मागचा, खांबाआड बसलायस तो! नर्सिंग होमला लिफ्ट बसवलीस म्हणे. पेशंट वर नेतोस, बोली का खाली?’ कुणी पाच हजार म्हटलं की सर खिन्न होतात. ‘पाच हजारांत अर्धी प्लेट येते. अर्धं हाड जोडून सोडू का घरी? नाव तुझं सांगतो.’ दान, पुण्य, समाजसेवा हे शब्द ते चुकूनही काढत नाहीत. मागायचं तर बिल दाखवून मागावं, हा त्यांचा बाणा. मला विचाराल तर कळकळीच्या भाषणांपेक्षा तो जास्त सभ्य आहे.

लिलावाचा मानबिंदू म्हणजे सरांची स्वतःची चौरसियांच्या अ‍ॅनाटॉमीची प्रत. चहाचे डाग पडलेली. स्नायूंचे उगम लाल पेन्सिलीने, शेवट निळ्या पेन्सिलीने रंगवलेली. बोली थंडावली की सर ब्रेकियल प्लेक्ससचं पान उघडतात. तिथल्या मज्जातंतूंच्या जंजाळात तेव्हाच्या कुणा वर्गभगिनीसाठी खरडलेल्या चार ओळी आहेत. ‘वाचू?’ सर विचारतात. सभागृह ‘वाचा, वाचा!’ म्हणून ओरडतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून गायनॅकच्या मॅडमचा करारी आवाज येतो, ‘वीस हजार!’ सर चष्मा पुसत पहिली ओळ अर्धी वाचतात. ‘तीस!’ हातोडा आपटतो.

मॅडम म्हणजेच ती वर्गभगिनी, आणि गेली कित्येक वर्षं सरांच्या सौभाग्यवती. पुस्तक त्यांच्याबरोबर घरी जातं, पैसे फंडात. आणि पुढच्या गॅदरिंगला तेच पुस्तक पुन्हा टेबलावर असतं. मॅडमनी ते अजून जाळलं कसं नाही, हा प्रश्न नवीन इंटर्न विचारतात. जुने विचारत नाहीत.

शेवटची चीज ‘सरांच्या घरी सहा जणांना जेवण’. ही हॉस्टेलची पोरं वर्गणी काढून घेतात, कारण मेसची भाजी. बेत तिसळ्यांचं सुकं, सुरमई, भात. वाढणं होतं, पोरं सुरमईवर तुटून पडतात, आणि सर एक काटा चिमटीत धरून शेजारच्याला शांतपणे विचारतात, ‘हे काय? आणि माणसात याच्या जागी काय असतं?’

सोलकढी येईपर्यंत चार जण नापास झालेले असतात.