मडके टांगण्यापूर्वी
(होतकरू बजीपालकांसाठी मार्गदर्शिका)

ज्यांच्या घरामागे थोडी मोकळी जागा, हाताशी थोडा पैसा आणि नात्यात भरपूर माणसे आहेत, अशा गृहस्थांसाठी ही मार्गदर्शिका लिहिली आहे. पहिल्या दोन गोष्टी कमी असल्या तरी भागते. तिसरी कमी असेल त्यांनी पुढे वाचू नये. याचे कारण कलम ८ मध्ये दिले आहे.

कलम १ : पक्ष्याची ओळख

बजी म्हणजे बजरीगर. ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत अंतर्भागातला, तीस-चाळीस ग्रॅम वजनाचा, मुळात हिरवा-पिवळा आणि पाठीवर काळ्या लाटांची नक्षी असलेला छोटा पोपट. तिकडे पाऊस पडून गवताला दाणा धरला, की हे थव्याने येतात, झाडांच्या ढोलीत भराभर पिल्ले काढतात आणि दाणा संपला की निघून जातात. १८४० मध्ये जॉन गुल्ड या पक्षितज्ज्ञाने जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि तेव्हापासून हा पक्षी जगभरच्या घरांत आहे. हा इतिहास पाठ केला नाही तरी चालेल. एवढेच ध्यानात ठेवावे की दाणा, पाणी आणि ढोली या तीन गोष्टी जुळल्या म्हणजे बजीच्या मते सुगी आली. आपल्या परसात दाणा-पाणी बारमाही असणार आणि ढोली आपण स्वतः सुतळीने टांगणार. पुढच्या सगळ्या प्रकरणाचे मूळ इथे आहे.

दुकानात यालाच ‘लव्ह बर्ड’ म्हणतात. तिथे वाद घालू नये. खरे लव्ह बर्ड आफ्रिकेतले, जाड चोचीचे आणि तापट. ते बजींच्या पिंजऱ्यात ठेवले, तर बजींच्या पायांची बोटे शाबूत राहतील याची हमी कुणी देत नाही. आपला देशी राघू मात्र मुळीच आणू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला पिंजऱ्यात ठेवता येत नाही, आणि ‘आमच्या आजोळी मिठू होता’ हा बचाव वनखात्यापुढे टिकत नाही.

कलम २ : घरच्यांची संमती

संमतीसाठी ‘एकच जोडी, मुलांना विरंगुळा’ हे वाक्य पुरते. या छंदातल्या बहुतेकांनी कधी ना कधी ते उच्चारलेले असते, आणि उच्चारताना ते त्यांना खरेही वाटत असते. ‘घाण कोण काढणार?’ या प्रश्नाला ‘मी’ असे एका शब्दात उत्तर द्यावे. लेखी देऊ नये.

घाण काढायची तर झाडण्याआधी पाणी शिंपडावे आणि नाकातोंडावर फडके बांधावे. सुकलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिट्टॅकोसिस नावाचा फुप्फुसांचा आजार माणसाला होऊ शकतो. घरात कुणाला दमा असेल, तर संमतीचा विषय काढूच नये.

कलम ३ : पिंजरा

बजी सरळ वर झेपावत नाहीत, आडवे उडतात. म्हणून पिंजऱ्याला उंचीपेक्षा लांबी हवी. मनोऱ्यासारखा देखणा पिंजरा पाहुण्यांना आवडतो, पक्ष्यांना त्याचा उपयोग नसतो.

जाळी अर्ध्या इंचाची घ्यावी. एक इंची जाळी स्वस्त पडते, पण तिच्यातून उंदराचे पिल्लू सहज आत येते, खाऊनपिऊन मोठे होते आणि मग त्याला बाहेर जाण्यात रस उरत नाही. जस्ताचा मुलामा दिलेली नवी जाळी व्हिनेगरने घासून धुवावी. बजी चोचीने जाळी धरून चढतात आणि जस्त पोटात गेले तर विषबाधा होते. खाली कोबा करावा. मातीची जमीन घुशीला आमंत्रण देते. बसायला सारख्या जाडीच्या प्लास्टिकच्या दांड्यांऐवजी पेरूच्या नाहीतर कडुलिंबाच्या लहानमोठ्या फांद्या बांधाव्यात.

दारे दोन असावीत, एकामागे एक. पहिले लावल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. हा नियम घरात सर्वांना पाठ असतो, फक्त दार उघडण्याच्या क्षणी आठवत नाही. पक्षी उडालाच तर विन्स्टन चर्चिल यांची आठवण काढून मनाचे समाधान करावे. त्यांचा टोबी नावाचा लाडका बजी मॉन्टे कार्लोच्या हॉटेलातून असाच खिडकीबाहेर गेला. ज्यांनी युद्ध जिंकले त्यांना एक खिडकी सांभाळता आली नाही. आपण तर साधे करदाते.

मांजर, मुंगूस, धामण, शिक्रा आणि कावळा यांची पिंजऱ्याकडे ये-जा राहील. मांजर जाळीला लटकते आणि घाबरून जाळीला चिकटलेल्या पक्ष्याचे बोट ओढते. म्हणून दोन बोटांचे अंतर सोडून बाहेरून दुसरी जाळी मारणे चांगले. पिंजरा पायांवर उभा असेल तर पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, नाहीतर लाल मुंग्या पिल्लांपर्यंत पोचतात. पत्र्याच्या छपरावर एप्रिल-मेमध्ये ओली पोती टाकावीत. ऑस्ट्रेलियातल्या बजीला ऊन तापले की सावलीच्या झाडाकडे जाता येते, आपल्या बजीला येत नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्येची बाजू झाकावी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री जाड चादर टाकून आत मंद दिवा ठेवावा, कारण अंधारात फटाका फुटला की सगळा थवा एकदम उडतो आणि जाळीवर आपटतो. पक्षी आजारी पडला म्हणून घरात आणलाच, तर स्वयंपाकघरात ठेवू नये. तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतात.

कलम ४ : खरेदी

‘जोडीच आहे साहेब, गॅरंटी’ हे विक्रेत्याचे वाक्य आशीर्वाद म्हणून स्वीकारावे, माहिती म्हणून नव्हे. नर-मादी स्वतः पाहावी. चोचीच्या वर नाकपुड्यांभोवती एक मांसल पट्टी असते. वयात आलेल्या नराची ती निळी, आणि विणीला आलेल्या मादीची तपकिरी, खरबरीत. एरवी मादीची पट्टी फिकट असते. लाल डोळ्यांचे पिवळे आणि पांढरे नर मात्र आयुष्यभर गुलाबी-जांभळट पट्टी मिरवतात, त्यामुळे हा नियम त्यांच्यापुढे निरुपयोगी ठरतो. कपाळावर चोचीपर्यंत काळ्या रेघा आणि डोळा संपूर्ण काळा असेल तर पक्षी लहान. कपाळ स्वच्छ आणि डोळ्यात पांढरे वलय असेल तर मोठा.

दोन नर आणले तर ते एकमेकांना भरवतात, माना खाजवतात आणि सुखाने राहतात. आपण सहा महिने मडक्यात डोकावत राहतो. दोन माद्या आणल्या तर सहा महिने थांबावे लागत नाही. कुणाचे पटत नाही ते आठवडाभरात दिसते.

कलम ५ : खानपान

मुख्य आहार राळे आणि बाजरी. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल त्याच वाटीत टाकतो. त्यामुळे संध्याकाळी वाटी भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी असतो. रोज वाटी सुपात घेऊन पाखडावी. बजी पाळणाऱ्याला हे एक कौशल्य आलेच पाहिजे, आणि घरात ते फक्त आजीला येते. तेव्हा आजीशी संबंध चांगले ठेवावेत.

कोथिंबीर, पालक, शेवग्याचा पाला धुऊन द्यावा. अव्होकॅडो आणि चॉकलेट देऊ नये, दोन्ही विषारी. पाणी रोज बदलावे. समुद्रफेस काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, त्याचा तुकडा जाळीला अडकवून ठेवावा. अंड्याच्या कवचाला कॅल्शियम त्यातून मिळते. ते कमी पडले तर अंडे पोटात अडकते. मादी फुगून तळाला बसते आणि वेळेवर उपचार न झाल्यास मरते.

पिल्ले असताना आईबापांना उकडलेले अंडे कुस्करून द्यायची पद्धत आहे. शाकाहारी घरात हा प्रस्ताव मांडताना आवाज सौम्य ठेवावा. ‘पक्ष्याला पक्ष्याचेच अंडे?’ या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही. मोड आलेले मूग द्यावेत आणि विषय तिथेच सोडावा.

कलम ६ : मडकी

बाजूला भोक असलेले मातीचे मडके तारेने टांगले की काम झाले, असा समज आहे. मडके स्वच्छ करणे अवघड असते आणि आत डोकावताही येत नाही. उघडता येणारे झाकण आणि खोलगट तळ असलेली लाकडी पेटी अधिक बरी. सपाट, गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय फाकतात आणि तसेच राहतात. आत कापूस, गवत, जुन्या साडीचे तुकडे घालू नयेत. ढोलीत अंथरूण करणे बजीच्या रीतीत नाही. घरातल्यांनी प्रेमाने घातलेले सगळे तो तासाभरात बाहेर फेकतो.

मडकी जोड्यांच्या दुप्पट असावीत आणि सगळी एकाच उंचीवर. वरखाली टांगली तर सर्व माद्यांना सगळ्यात वरचेच हवे असते आणि त्यासाठी रक्त निघते. बारा मडकी एकाच रांगेत टांगली तरी सर्वांना कोपऱ्यातलेच हवे, असे होऊ शकते. यावर उपाय सापडलेला नाही. जोडीदार नसलेली मादी मात्र पिंजऱ्यात ठेवूच नये. ती दुसऱ्यांच्या मडक्यात शिरून अंडी फोडते, पिल्ले मारते.

मादी वर्षाची होईपर्यंत मडके देऊ नये. वर्षातून दोन खेपांपेक्षा जास्त पिल्ले काढू देऊ नयेत. हा नियम मादीला माहीत नसतो, म्हणून तो पाळण्याची जबाबदारी आपली.

कलम ७ : अंडी ते पिल्ले

मादी एक दिवसाआड एक, अशी चार ते सहा अंडी घालते. अठराव्या दिवसाच्या सुमारास पहिले पिल्लू बाहेर येते आणि पुढची दिवसाआड येत राहतात. त्यामुळे सर्वांत मोठे आणि सर्वांत धाकटे यांच्यात आठ-दहा दिवसांचे अंतर पडते. धाकट्याला रोज पाहावे. मोठ्यांच्या गर्दीत ते दबते. या काळात मादी मडक्यातच असते आणि नर तिला भरवतो. पिल्ले उघडीनागडी, आंधळी, दिसायला अजिबात गोंडस नसतात. पाहुण्यांना या दिवसांत बोलावू नये.

पाचव्या आठवड्याला पिल्ले बाहेर पडतात. पुढे काही दिवस त्यांना बाप भरवतो, कारण आईने एव्हाना दुसऱ्या खेपेची अंडी घालायला घेतलेली असतात. मडक्यात रेंगाळणाऱ्या थोरल्यांना ती टोचते, प्रसंगी मारतेही. म्हणून पिल्ले स्वतः दाणा सोलू लागली की वेगळी करावीत.

पिल्लू बोलेल ही आशा सोडावी. पक नावाच्या एका अमेरिकी बजीची १,७२८ शब्दांसाठी गिनेस बुकात नोंद आहे, हे खरे. पण बोलतो तो बहुधा एकटा, माणसांत वाढलेला नर. वीस बजींच्या पिंजऱ्यात प्रत्येकाला बोलायला एकोणीस जण असतात. आपली गरज उरत नाही.

कलम ८ : गणित आणि वाटप

एक जोडी, वर्षात दोन खेपा, खेपेला पाच पिल्ले. वर्षाअखेर बारा पक्षी. निम्म्या माद्या धरल्या तर दुसऱ्या वर्षी सहा जोड्या, साठ पिल्ले, एकूण बहात्तर. तिसऱ्या वर्षीचा हिशेब मुलांना गृहपाठ म्हणून द्यावा. प्रत्यक्षात काही अंडी वांझ निघतात, काही पिल्ले दगावतात, पण छंदाची दिशा हीच. भाऊबहीण हा विचार बजी करत नाहीत. तो न केल्याने पुढची पिढी दुबळी निघते. म्हणून कुणाची पिल्ले कोणती याची वही ठेवावी.

आता नातेवाईक. पहिली खेप भाच्याच्या वाढदिवसाला जाते आणि कौतुक होते. दुसरी साडूंकडे जाते, चहा होतो. तिसऱ्या खेपेपासून नातेवाईक फोनवर ‘आम्ही जरा बाहेर आहोत’ म्हणू लागतात. देताना एक पथ्य पाळावे : पक्षी द्यावेत, मडके देऊ नये. मडक्यासकट दिल्यास वर्षभरात त्यांची पिल्ले परतभेट म्हणून आपल्याच दारी येतात, आणि ती नाकारणे शिष्टाचाराला धरून नसते.

दुकानदार परत घेतो. घेताना जोडीचा भाव आणि देताना उपकाराचा. सोडून देण्यात मात्र पुण्य नाही. रानात कधी दाणा न शोधलेला निळा-पिवळा पक्षी आकाशात मोकळा झाला, की कावळ्याला तो आपल्याआधी दिसतो.

कलम ९ : थांबणे

बजी वाढवायला अक्कल लागत नाही. दाणा, पाणी, मडके दिले की त्यांचे ते पाहतात. या विद्येत खरे शिकायचे ते थांबवणे.

अंडी नुसती उचलू नयेत. रिकामे घर पाहून मादी पुन्हा घालत राहते आणि खंगते. ती अंडी उकडून, थंड करून परत ठेवावीत. ती बसते, कंटाळते, उठते. मग मडकी उतरवावीत, धुवावीत, उन्हात वाळवून माळ्यावर टाकावीत. अंडे, मोड आलेले धान्य बंद करून साध्या दाण्यावर आणावे. एखादी हट्टी मादी दाण्याच्या वाटीतही अंडे घालते, पण ढोली दिसली नाही की बहुतेकींचा उत्साह ओसरतो. मडक्याविना बजी दुःखी होत नाहीत. उडायला जागा, चार सोबती आणि चावायला फांदी असली की ते दिवसभर बडबडतात, आणि नीट सांभाळले तर पाच ते आठ वर्षे जगतात.

तेव्हा जोडी विकत घेण्याआधी, मरेपर्यंत किती पक्षी सांभाळता येतील तो आकडा कागदावर लिहावा, तो निम्मा करावा आणि तेवढ्यावर मडकी उतरवावीत. हे जमणार नाही असे वाटत असेल त्यांनी मासे पाळावेत. फक्त गप्पी घेऊ नयेत.