सून सैपाकच करीत नाही म्हणे!

ही बातमी आमच्या गल्लीत दिवाळीपासून फिरत होती. समोरच्या काकूंनी ती सोडली, किराणा दुकानापर्यंत जाता जाता तिला फाटे फुटले आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती माझ्याकडं परत आली तेव्हा शेजारच्या अक्कांची हाँगकाँगची सून नवऱ्याला उपाशी ठेवते इथपर्यंत मजल गेली होती. अक्कांच्या कानावर काही गेलं नसेल असं कसं म्हणावं? लेकानं तिकिटं पाठवली तशा त्या निघाल्या. सोबत ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, गळ्यात तुळशीची माळ.

परत आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच भिंतीला कोपर टेकून उभ्या. आमच्या दोन घरांमधली भिंत छातीएवढी. विरजण, वाटीभर साखर नि गावातल्या भानगडी तिच्यावरूनच इकडंतिकडं जातात.

"तू लई ऐकलं असंल मपल्या सुनंचं," अक्का म्हणाल्या. "आता मपलं ऐक. सैपाक करीत न्हाई, खरंय. मीबी दोन येळा केला नि नाद सोडला."

"का बरं?"

"अगं, उभं राहायला जागा पाहिजे का नको? ओट्यावर शेगडी ठिवली की परातीला जागा न्हाई. कपडे धुवायचं मशीनबी तिथंच, सैपाकघरात. मग मशीनवर परात ठिवली नि थापली भाकरी. खालून मशीन गरगर, वरून मी थपथप. लेक म्हणला, आई, खालच्या मजल्यावरचे लोक पोलीस बोलवतेन."

लेकाचं घर शाम शुई पोमध्ये. हाँगकाँगचा कौलून नावाचा भाग आहे, त्यातली ही जुनी, कष्टकऱ्यांची, दाटीवाटीची वस्ती. तीनशे चौरस फुटांचं घर म्हणजे तिथं बरं म्हणायचं. हाँगकाँगमध्ये दोन लाखांवर माणसं अशा घरांत राहतात, जिथं एकाच सदनिकेत फळ्या ठोकून तीन-चार बिऱ्हाडं केलेली असतात. तिथं कोण कढई चढवणार? म्हणून सगळी वस्ती बाहेर जेवते. सकाळी कामावर जाणारा हमाल असो की बँकेतला साहेब, सूप नि शेवया ओरपून पुढं जातो. तिथं "हिची सून काही करत नाही" म्हणायची सोयच नाही, कारण कुणाचीच सून करत नाही, आणि कुणाचा लेकही.

मला विचाराल तर अक्कांना यात सुनेपेक्षा स्वतःचा सूड उगवल्याचा आनंद जास्त होता. चाळीस वर्षं चुलीपुढं गेली त्यांची.

"पण तुमची माळ?" मी विचारलं. "तिथं तर म्हणे काहीबाही खातात."

"खातेत ना. बदकं अख्खी लटकवलेली, मानंसकट. भाजून लाल केलेली. मासळी बाजारात तर मासा कापलेला नि त्याचं काळीज उडतंय. मी पदर लावला नाकाला. पण एक सांगते, मला उपाशी न्हाई ठिवलं त्या गावानं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मलाही नवीन होतं. तिकडं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरीच जुनी माणसं मांसमच्छी वर्ज्य करतात. महिना अमावास्येला बदलतो, म्हणजे पंधरावा दिवस आपल्या पौर्णिमेच्या आसपास. बौद्ध पद्धतीच्या शाकाहारी खानावळी आहेत, त्यांत कांदा-लसूणही चालत नाही. अक्कांनी एकादशी तिथं नीट पाळली, इथं पाळतात त्यापेक्षा कडक. (साबुदाणा सुनेनं शोधून आणला. आपल्या पारावरच्या बायकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

"नि सोयाबीनचं दुकान!" अक्कांचा आवाज चढला. काकू समोरच्या ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या, त्यांनी सूप बाजूला ठेवलं. कंबरेला पट्टा होता, म्हणून उठल्या मात्र नाहीत.

पेई हो स्ट्रीटवरचं कुंग वो हे ते दुकान. 1893 पासूनचं नाव आहे. दारातच दळायला भिजवलेलं सोयाबीन, आत वाफ. दूध काढायचं, ते साकळवायचं आणि गरम गरम वाटीत वाढायचं. वाढणारी बाई पळीनं खोल घाव घालत नाही. चपट्या पळीनं वरचा पातळ पापुद्रा अलगद उचलते, वाटीत सरकवते, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. मग वरून पिवळट साखर भुरभुरायची. "खरवसच की गं! फक्त वेलची न्हाई," अक्का म्हणाल्या. "पण तिथलंच तळलेलं खाऊ नको बरं का, त्यात माशाचा गोळा भरत्यात. सुनंनं हात धरला म्हणून वाचले."

इथं त्या जरा थांबल्या आणि मग जे बोलल्या त्यात हाँगकाँग कमी आणि आमचं शिरूर जास्त होतं. "आपण सोयाबीन काढतो. कागदावर 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328. हातात किती पडतो ते मला नको इचारू. आडत्याकडं टाकलं की संपलं आपलं नातं. तेल निघतं का पेंड होती, कोण बघतंय? आपल्या घरात सोयाबीनचा एक दाणा शिजत न्हाई. नि ती माणसं त्याच सोयाबीनवर पिढ्यान्पिढ्या दुकान चालवत्यात."

यावर काकूंनाही काही बोलता आलं नाही. त्यांचं शेतही सोयाबीनचंच.

चहाची गोष्ट तर अक्कांनी हात करून दाखवली. तिथल्या चहाच्या हॉटेलात टेबलावर आधी कोणी बसलेलं असलं तरी तुम्ही समोर जाऊन बसायचं. विचारायचं नाही, हसायचं नाही. वाढपी वाटीभर गरम चहा आदळून जातो, तो प्यायचा नसतो. त्यात आपले चमचे-काड्या-वाट्या विसळून घ्यायच्या. मग किटली येते. कोणी आपल्या पेल्यात चहा ओतला की तोंडानं आभार मानायचे नाहीत, दोन बोटं टेबलावर टकटक करायची. अठराव्या शतकातला चियानलुंग बादशहा वेश पालटून फिरत होता, त्यानं चहा ओतला तेव्हा नोकरांना गुडघे टेकता येईनात, ओळख फुटली असती. म्हणून त्यांनी बोटं वाकवून टेबलावर टेकवली, अशी दंतकथा. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवायचं, वाढपी समजतो. "हाका मारायचं कामच न्हाई," अक्का म्हणाल्या. आमच्या बस स्टँडवरच्या हॉटेलात पाण्यासाठी किती हाका माराव्या लागतात ते आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

दूध घातलेला चहा मात्र त्यांना पसंत पडला. कापडी गाळणीतून चार-चारदा उंचावरून गाळतात, दूध आटवलेलं, रंग मातकट. तिकडच्या सरकारनं हा चहा करण्याची कला 2017 मध्ये सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातली. आपल्या आलं-गवती चहाला कोणी यादीत घालतंय का, ते विचारायला हवं.

"नि मंच्युरियन?" काकूंच्या नातवानं भिंतीपाशी येऊन मधेच विचारलं. त्याचा जीव चायनीजच्या गाडीत.

मंच्युरियन तिथं कुणाला माहीत नाही बाळा. ते आपल्या मुंबईचं. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी 1975 मध्ये क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरात लसूण-आलं-मिरचीत सोया सॉस ओतला आणि ते झालं, असं सांगतात. चायनीज भेळ तर विचारूच नका. पोराचं तोंड एवढंसं झालं. हाँगकाँगला जायचा त्याचा बेत तिथंच रद्द झाला.

मग देवाचा विषय निघाला. शाम शुई पोच्या हाय तान स्ट्रीटवर 1891 चं देऊळ आहे, लाल तोंडाच्या क्वान देवाचं. हाच देव मुंबईत माझगावला आहे. कॅन्टनच्या बाजूनं आलेल्या चिनी लोकांनी 1919 मध्ये तिथं देऊळ उभं केलं. हाँगकाँगमध्ये पोलीस ठाण्यातही याची तसबीर असते आणि गुंडांच्या अड्ड्यातही. काकू म्हणाल्या, "मग पावतो कुणाला?" अक्कांकडं उत्तर नव्हतं. आपल्याकडं तरी कुठं आहे?

कासारांचं गाव आमचं. त्यामुळं बांगड्यांचा विषय निघणारच होता. यौ मा तेईच्या बाजारात हिरव्या जेडच्या अखंड बांगड्या विकायला असतात. दुकानदारानं अक्कांचा हात धरला, बोटं जुळवून अंगठ्याचा उंचवटा आत दाबला, साबण चोळला आणि एका हिसक्यात बांगडी चढवली. "आपल्या कासारासारखीच पकड," अक्का म्हणाल्या. तिकडच्या बाया ही बांगडी वर्षानुवर्षं काढत नाहीत. फुटली तर वाईट वाटून घेत नाहीत. अंगावर येणारं अरिष्ट बांगडीनं झेललं म्हणतात. आपल्याकडं बांगडी पिचली की सासू आधी देवापाशी दिवा लावते.

"घेतली का?"

"किंमत इचारली नि साबण धुऊन टाकला."

मणी मात्र आणले. यू चाऊ स्ट्रीटवर दुकानांची रांगच मण्यांची, बटणांची, टिकल्यांची. पलीकडच्या आपलिऊ स्ट्रीटवर जुने रिमोट, वायरी, बिघडलेली घड्याळं रस्त्यावर मांडलेली. लेक दर रविवारी तिथं काहीतरी घेतो आणि सून ते दर सोमवारी फेकते. हे ऐकून मला त्या घराची काळजी वाटेनाशी झाली.

पण अक्कांचं सगळ्यात जास्त मन रमलं ते मेई हो हाउसमध्ये. 1953 च्या नाताळच्या रात्री शेक किप मेईच्या झोपडपट्टीला आग लागली आणि त्रेपन्न हजारांच्या आसपास माणसं उघड्यावर आली. बहुतेक चीनमधून पळून आलेली. सरकारनं पुढच्या वर्षी घाईनं इमारती उठवल्या, त्यांतली ही एक उरली; आता तिच्यात वसतिगृह आणि संग्रहालय आहे. एकशेवीस चौरस फुटांच्या खोलीत पाच माणसं. नळ नि संडास मधल्या भागात, सगळ्यांना मिळून. चूल कुठं? दाराबाहेर, गॅलरीत. सगळ्या मजल्याच्या बाया एका रांगेत, आपापल्या दारापुढं स्वयंपाक करायच्या.

"म्हंजी कुणाच्या घरी काय शिजतंय, कुणाच्या घरी काय शिजत न्हाई, सगळ्यांना दिसत व्हतं," अक्का म्हणाल्या आणि काकूंकडं बघून सावकाश पुढं बोलल्या, "तिथं बातमी फिरवायला लागतच नसंल."

काकूंनी गहू परत निवडायला घेतले.

अक्कांना तिथली आताची शेजारीण काही लाभली नाही. दाराला लोखंडी जाळी, जाळीमागं दार. लिफ्टमध्ये चारचौघं एकमेकांच्या डोक्यावरून आकडे बघत उभी. त्या आकड्यांतही चौथा मजला नसतोच बऱ्याच इमारतींत. चार हा आकडा मरणाच्या शब्दासारखा ऐकू येतो म्हणून तिसऱ्यावरून थेट पाचवा. आगगाडी जमिनीखालून, दोन-तीन मिनिटांनी एक. "आपल्या रायमोह्याला रेल्वे आली तवा आपण बघाया गेलो व्हतो," त्या म्हणाल्या, "तिथं कुणी मान वर करून बघत न्हाई." समुद्र ओलांडायला बोट आहे, ती कंपनी दोराबजी नवरोजी मिठाईवाला या मुंबईकडून गेलेल्या पारशानं 1888 मध्ये काढली, हे मी सांगितलं. अक्कांना त्याचं काही नाही. त्यांना सांगायचं होतं ते वेगळंच, आणि त्या ते राखून ठेवून होत्या.

"कॉजवे बेला एक उड्डाणपूल हाय. त्याच्या खाली म्हाताऱ्या बसत्यात, मपल्याएवढ्या. स्टुलं टाकून. पैसे द्यायचे नि वैऱ्याचं नाव सांगायचं. कागदाचा माणूस करत्यात, इटंवर ठिवत्यात नि पायातल्या चपलंनं मारत्यात. थाडथाड! तोंडानं शिव्यांचं गाणं चालू. तुझं तोंड फुटू दे, तुझी कंबर मोडू दे, असलं काहीबाही म्हणत्यात म्हणे. कागदाच्या चिंध्या होईस्तोवर. मग जाळून टाकायचा."

हे खरं आहे. गूज नेक ब्रिज नावाच्या पुलाखाली चालतं. वर्षभर चालतं, पण मार्चच्या 5-6 तारखेला, जमिनीतले किडे जागे होतात त्या दिवशी, तिथं रांगा लागतात.

"आणि तुम्ही?" मी हळूच विचारलं.

"सून म्हणली, आत्या, गंमत म्हणून करा. मी म्हणलं, माळकरी बाई मी, कशाला कुणाचं वाईट?" अक्कांनी पदर सावरला. "पण एवढ्या लांब गेले व्हते. नि म्हातारीला तेवढाच धंदा."

"नाव कुणाचं सांगितलं?"

अक्का हसल्या आणि भिंतीवरचं विरजणाचं भांडं उचलून आत निघाल्या.

समोरच्या ओट्यावरून काकूंचा आवाज आला, "ओ अक्का! तारीख कोणती व्हती म्हणलात?"

"पाच मार्च."

काकूंनी कंबरेच्या पट्ट्यावर हात ठेवला आणि बोटांवर होळीपासूनचे दिवस मोजायला लागल्या.