वक्री नेमकं कोण?

बुध वक्री झाला की घरोघरच्या भानगडींना आयता आरोपी मिळतो. मोबाइल पाण्यात पडला, मेल भलत्याच साहेबांना गेली, लग्न याद्यांपर्यंत येऊन फिसकटलं, की कुणीतरी मान हलवतं, ‘बुध वक्री आहे ना सध्या!’ बुध वर्षातून तीन, क्वचित चार वेळा, दर खेपेला सुमारे तीन आठवडे वक्री असतो. आरोपीची टंचाई अशी भासत नाहीच.

पंचांगातला हा शब्द आता ऑफिसातही रुळला आहे. ‘साहेब आज वक्री आहेत’ म्हटलं की रजेचा अर्ज आपोआप खिशात परततो. मुळात वक्री म्हणजे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर नेहमीप्रमाणे पूर्वेकडे न सरकता पश्चिमेकडे सरकणारा ग्रह. पुन्हा सुतासारखा चालू लागला की तो मार्गी. सूर्यसिद्धान्तात तर ग्रहांच्या आठ चाली सांगितल्या आहेत: मंद, मंदतर, सम, शीघ्र, शीघ्रतर या पाच सरळ आणि उरलेल्या तीन वाकड्या. सरकारी कचेरीत फाइलीमागे हिंडलेल्या माणसाला ही वर्गवारी समजावून सांगावी लागत नाही.

गंमत अशी, की ग्रह मागे जातच नाही. दादरहून सुटलेल्या फास्ट लोकलच्या खिडकीतून शेजारची स्लो लोकल मागे जाताना दिसते; तिच्यातला प्रवासी मात्र इमानाने बोरिवलीकडेच निघालेला असतो. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. आतल्या रुळावरून धावणारी पृथ्वी दरवर्षी त्याला ओलांडते आणि तेवढे साडेचार महिने तो आपल्याला वक्री दिसतो. ओव्हरटेक आपण करायचं आणि वाकडा ठरवायचा त्याला! बुध-शुक्रांच्या बाबतीत मात्र ते फास्ट आणि आपण स्लो. 1543 साली कोपर्निकसचा ग्रंथ छापून आला, त्यात हा उलगडा आहे. शनीची बदनामी काही थांबली नाही.

राहू-केतूंची तऱ्हा निराळी. ते बारमाही वक्री. चंद्राची वाट सूर्याच्या भासमान वाटेला छेदते ते हे दोन बिंदू, साडेअठरा वर्षांत उलटा फेरा पुरा करणारे. तिथे ना दगड, ना धोंडा. पण दबदबा केवढा!

शनीच्या वक्री काळाच्या मध्यावर पृथ्वी बरोबर सूर्य आणि शनी यांच्यामध्ये येते. तेव्हा तो आपल्याला सर्वांत जवळ असतो, त्या वर्षातला सर्वांत तेजस्वी दिसतो आणि सूर्य मावळताच पूर्वेला उगवतो. तेव्हा शनिवारी तेल जरूर वाहा, पण त्या रात्री कुणाची तरी दुर्बीण मागून आणा आणि गच्चीवरून त्याची कडी एकदा बघून घ्या.